विमानातली खिडकी: कोणत्या बाजूची आणि कोणासाठी?



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, पाणी आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. या खेपेचा विषय वेगळा आहे, आणि तो तुमच्यापैकीच काहींनी काढला आहे. मुलगा किंवा मुलगी शिकून परदेशी स्थायिक झाली आहे, अशी घरे आता प्रत्येक तालुक्यात सापडतात. पासपोर्ट होतो, व्हिसा होतो, तिकीट हाती येते आणि एके रात्री मुलगा फोनवर विचारतो, "बाबा, खिडकीची जागा घेऊ का? वेगळे पैसे पडतील." बाबांच्या कानांत 'पैसे पडतील' एवढेच शिरते आणि ते नको म्हणतात. काही जण हौसेने 'घे' म्हणतात आणि मग रात्रभर काळ्या काचेत स्वतःचाच चेहरा बघत बसतात. दोन्ही प्रकारांत नुकसानच. पेरणीआधी आपण वाफसा आला की नाही ते पाहतो, तसे या जागेच्या बाबतीतही आधी दोन-चार गोष्टी पाहून घ्याव्यात आणि मगच मुलाला हो किंवा नाही सांगावे.

मुंबईहून जाणारी गावाकडची मंडळी बहुधा एक दिवस आधी उपनगरातल्या नातलगाकडे उतरतात. तुमचे कोणी वर्सोव्याला राहत असेल तर उत्तम. बॅगांचे वजन करून झाले की संध्याकाळी तासभर किनाऱ्यावर जाऊन बसा. वेसावे कोळीवाड्यात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतील, वासही येईल. समुद्राकडे तोंड केले की डाव्या हाताला, जुहूच्या बाजूने, एकामागून एक विमाने वर चढताना दिसतात. बहुतेक सगळी समुद्राकडेच का जातात, असा प्रश्न पडेल. याचे उत्तर खळ्यावर उफणणी केलेल्या माणसाला लवकर समजेल, कारण सगळा कारभार वाऱ्याचा आहे. विमान वाऱ्याच्या तोंडावर धावले तर लवकर उचलले जाते आणि मुंबईत वर्षातला बराच काळ वारा समुद्रावरून येतो. म्हणून मुख्य धावपट्टीवरून उड्डाण बहुतेक वेळा पश्चिमेकडे होते. त्या दिशेला 27 हा आकडा दिलेला असतो. तो धावपट्टीचा अनुक्रमांक नव्हे. होकायंत्राच्या 270 अंशांतले शेवटचे शून्य काढून टाकले की 27 उरतात, म्हणजे बरोबर पश्चिम.

आता तुम्हीच त्या विमानात बसला आहात असे समजा. उजव्या खिडकीतून जुहूची चौपाटी, तिच्या पुढे वर्सोवा, खाडीचे मुख, तिवरांचा हिरवा पट्टा आणि पलीकडे मढ दिसते. आदल्या संध्याकाळी जिथे बसला होता ती वाळू तुम्हाला वरून ओळखता येईल. डाव्या खिडकीतून वांद्रे-वरळीचा सागरी सेतू आणि दक्षिण मुंबई दिसते. हा सारा खेळ दोन-तीन मिनिटांचाच असतो, तेव्हा पट्टा बांधला की मोबाईल बाजूला ठेवून बाहेर बघा. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आहे. तुमचे विमान तिथून सुटणार असेल तर हे वर्णन तुमच्या कामाचे नाही.

जाता जाता एक सांगतो. जुहूलाही एक जुना छोटा विमानतळ आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्या घेऊन तिथेच उतरले होते. मुंबईहून लंडनला एअर इंडियाचे पहिले विमान निघाले ते 8 जून 1948 रोजी, कैरो आणि जिनेव्हा करत. त्या काळची विमाने आजच्यापेक्षा बरीच खालून जात, त्यामुळे त्या प्रवाशांना खिडकीतून आपल्यापेक्षा जास्त बारकावे दिसले असणार.

बाजू कशी निवडायची, याकडे वळू. पिकाच्या पानावरचा पिवळेपणा नीट ओळखायचा असेल तर सूर्य पाठीशी ठेवून उभे राहावे, हे मी शिवारफेरीत नेहमी सांगतो. सूर्य समोर आला की डोळे दिपतात आणि सगळे शेत एकसारखे भासते. विमानातही तेच होते. आपण उत्तर गोलार्धात राहतो आणि युरोप-अमेरिकाही उत्तर गोलार्धातच आहेत. तिकडे दिवसाचा बराच वेळ सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून उत्तरेकडच्या खिडकीतून जमीन स्वच्छ दिसते आणि ऊनही तोंडावर येत नाही. युरोपकडे जाताना विमानाचे तोंड साधारण वायव्येला असते, तेव्हा उत्तरेची बाजू म्हणजे तुमचा उजवा हात. परतताना तीच बाजू डाव्या हाताला येते. नांगर धरून जाताना जो बांध उजवीकडे असतो तो वळून परत येताना डावीकडे येतो, तेवढे ध्यानात ठेवले की चुकत नाही.

या नियमाला अपवाद आहेत. ऐन उन्हाळ्यात भल्या सकाळी सूर्य ईशान्येला असतो, तेव्हा उजवीकडेही ऊन येते. आणि तुम्हाला पाणी बघायचे असेल तर मुद्दाम सूर्याकडची बाजू घ्यावी. नदी, कालवा, तळे, अगदी भातखाचरात साचलेले पाणीसुद्धा त्या बाजूने आरशासारखे चमकून उठते. माझे मन विचाराल तर पाण्याच्या बाजूला झुकते, पण हा माझ्या खात्याचा दोष समजा.

जागांच्या अक्षरांत 'ए' म्हणजे डावी खिडकी. उजव्या खिडकीचे अक्षर विमानाप्रमाणे बदलते. लहान विमानात ते 'एफ' असते, मोठ्यात बहुधा 'के'. मुलाला नुसते 'खिडकी' म्हणू नका, बाजूही सांगा.

बाजूइतकीच वेळही महत्त्वाची आहे. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. रात्री दोनला निघालेले विमान पश्चिमेकडे जाते, म्हणजे रात्रीच्या मागे मागे धावते, आणि ती रात्र लांबत जाते. तिकडे पोहोचताना स्थानिक वेळेने सकाळ असते खरी, पण डिसेंबरमध्ये लंडनला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि जूनमध्ये पाचच्या आधीच. म्हणजे हिवाळ्यात जाताना खिडकीसाठी पैसे भरले तर ते पाण्यात गेले असे समजा, उन्हाळ्यात मात्र शेवटचे दोन-तीन तास चांगले मिळतात. याउलट लंडनहून सकाळी सुटून मध्यरात्रीच्या आसपास मुंबईला येणारी विमाने असतात. त्यांत उन्हाळ्यात अर्धा-अधिक युरोप लख्ख उजेडात दिसतो, हिवाळ्यात तीन-चार तासांत अंधार पडतो. म्हणून माझा सल्ला असा की पैसे भरायचेच असतील तर दिवसाच्या प्रवासाला भरावेत आणि रात्रीच्या प्रवासात फुकट मिळेल ती जागा घ्यावी. बहुतेक कंपन्या उड्डाणाआधी 24 किंवा 48 तास घरबसल्या चेक-इन करू देतात. त्या वेळी उरलेल्या खिडक्या काही वेळा बिनपैशाने मिळून जातात, तेव्हा मुलाला घड्याळ लावून बसायला सांगा.

रात्रीचाच प्रवास असेल तर पंचांग बघायला हरकत नाही. पौर्णिमेच्या आगेमागे ढगांचे पांढरे रान आणि बर्फाचे डोंगर चांदण्यातही दिसतात. अमावास्येला खाली फक्त गावांचे दिवे.

आता ज्या कारणासाठी मी हा विषय घेतला, त्या गोष्टीकडे येतो. आपल्याकडून परदेशी जाणाऱ्यांत मोठी संख्या आयांची आहे, आणि त्यांतल्या कितीतरी जणी लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी एकट्या जातात. वडील मागे गुरे आणि ऊस सांभाळत राहतात. अशा बाईला मुलाने कौतुकाने खिडकी घेऊन दिली की काय होते ते ऐका. शेजारी दोन अनोळखी माणसे झोपलेली. त्यांना उठवायचे कोणत्या भाषेत, या संकोचाने ती लघवीला जात नाही, आणि जावे लागू नये म्हणून पाणी पीत नाही. नऊ-नऊ, पंधरा-पंधरा तास असे अंग आकसून बसल्याने पाय सुजतात, पोटऱ्यांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर त्रास आणखी वाढतो. म्हणून एकट्या जाणाऱ्या आईला जाताना रात्रीच्या प्रवासात वाटेकडची जागा घ्या. दर दीड-दोन तासांनी तिने उठून चार पावले चालावे, बसल्या बसल्या पावले वर-खाली करावीत आणि पाणी मागून प्यावे. पाणी मागायला लाजण्याचे कारण नाही, ते तिकिटातच आलेले असते. बाळंतपण उरकून ती चार-सहा महिन्यांनी परत येईल तेव्हा विमानाची रीत तिच्या अंगवळणी पडलेली असेल. त्या वेळी दिवसाचे विमान असेल तर डावी खिडकी तिच्यासाठी आधी राखून ठेवा.

दोघे बरोबर जात असतील तर गोष्ट वेगळी. काही विमानांत कडेला दोन-दोनच जागा असतात, त्या मिळाल्या तर कोणा परक्याला उठवावे लागत नाही. तीन असतील तर एक जण खिडकीशी आणि एक मध्ये. मध्ये कोण बसते? मी पाहिले आहे ते असे. घरधनी आधी आत शिरून खिडकी धरतो. तो नसला धरत तर बाई म्हणते, "अहो, तुम्हीच बसा तिकडे, मला त्यातलं काय कळतंय." कळायचे काय आहे त्यात? चाळीस वर्षे वाकून खुरपणी केलेल्या बाईला वरून जमीन कशी दिसते हे बघायचा हक्क तिच्या मालकाइतकाच, कणभर जास्तच आहे. घरधन्यांनो, निदान अर्धा प्रवास तरी जागा बदला, आणि खाली उजेड असलेला अर्धा तिला द्या.

पंखाचे मात्र विसरू नका. विमानाच्या मधल्या भागात बसलात की खिडकीतून फक्त पंखाचे पत्रे दिसतात. पंखाच्या पुढची रांग सर्वांत चांगली, पण ती महाग असते. मागची घेतली तर पंखापासून बरीच मागे घ्या, कारण इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे लगेच मागचे दृश्य वैशाखातल्या माळरानासारखे थरथरते. काही रांगांत खिडकीच्या जागी कोरी भिंत असते, जागांच्या नकाशात मुलाने तेवढे पाहावे. संकटकाळी बाहेर पडायच्या दाराजवळची ऐसपैस रांग म्हाताऱ्या माणसांना देत नाहीत, तेव्हा तिच्या मागे लागू नका. काही नव्या विमानांत खिडकीला झडप नसते, खाली एक बटण असते आणि ते दाबले की काच निळसर काळी होते. काचेच्या खालच्या भागात सुईच्या भोकाएवढे छिद्र दिसेल. घाबरू नका, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असते. बाहेर उणे 50 अंशांच्या आसपास थंडी असते, म्हणून त्या छिद्राभोवती हिमाची नाजूक नक्षी धरते. ती बघण्यासारखी असते.

आणि वरून बघायचे काय? अकरा किलोमीटर उंचीवरून निरभ्र दिवशी साडेतीनशे किलोमीटरपेक्षाही लांबवर क्षितिज असते. वाट दरवेळी तीच राहत नाही. युद्धे होतात, हवाई हद्दी बंद होतात आणि विमाने वळसे घेतात. तरीही काही गोष्टी शेतकऱ्याने ओळखून ठेवाव्यात.

अरबस्तानच्या वाळवंटावरून दिवसा जाणे झाले तर वाळूत हिरव्या भाकऱ्या थापल्यासारखी गोल शेते दिसतील. मधोमध विहीर आणि तिच्याभोवती चाकांवर फिरणारी लांबलचक नळी, अशी ती सिंचनाची पद्धत आहे. अमेरिकेत फ्रँक झायबाख नावाच्या शेतकऱ्याने तिचे पेटंट 1952 मध्ये घेतले. सौदी अरेबियाने हजारो वर्षांपूर्वी साठलेले खोल भूजल अशा नळ्यांनी उपसून गहू पिकवला, इतका की 1990 च्या सुमारास तो देश गहू निर्यात करत होता. त्या पाण्याचा पुन्हा भरणा होत नाही हे ध्यानात आल्यावर 2008 मध्ये तिथल्या सरकारने गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरवले आणि 2016 पर्यंत ती थांबवत आणली. काही गोल आजही हिरवे आहेत, काही नुसते वाळूतले वळ उरले आहेत. पाचशे फूट बोअर मारून मोसंबी जगवणाऱ्या आपल्या भावंडांनी हे गोल सावकाश मोजावेत.

वाट इराकवरून तुर्कस्तानात गेली तर युफ्रेटिस नदी आणि तिच्यावरच्या अतातुर्क धरणाचे फाटे फुटलेले निळे पाणी दिसू शकते. त्या धरणाचे पाणी 1990 च्या दशकात हर्रानच्या माळावर आले आणि तिथे कापूस पसरला. पाठोपाठ जादा पाण्याने जमिनी खारावण्याचा त्रासही आला. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनीच्या मालकांना हे नवे सांगायला नको.

आल्प्सच्या उत्तरेकडून लंडनला जाणाऱ्या वाटेवर बर्फाची ती रांग डावीकडे राहते आणि परतताना उजवीकडे. म्हणजे वर सांगितलेल्या नियमाच्या उलट. डोंगरांचीच ओढ असेल त्यांनी उन्हाचा त्रास सोसून ती बाजू घ्यावी. ॲमस्टरडॅमला उतरताना कोणतीही बाजू चालते, दोन्हीकडे चरांनी आखलेली लांबट शेते दिसतात. तो विमानतळच समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीन मीटर खाली, 1852 मध्ये उपसून कोरड्या केलेल्या सरोवराच्या तळावर आहे. कोकणातल्या खारभूमीच्या बांधबंदिस्तीचा हा थोरला भाऊ समजा.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक प्रयोग करावा. गावच्या शाळेत पृथ्वीचा गोल असतो. त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क असा दोरा ताणून धरा. सपाट नकाशावर वाटते त्यापेक्षा तो किती उत्तरेला सरकतो ते बघा. विमान साधारण तशाच वाटेने जाते. ते ग्रीनलंडच्या दक्षिणेकडून गेले तर जाताना बर्फ उजवीकडे. हिवाळ्याच्या रात्री त्याच बाजूला कधी कधी आकाशात हिरवा झोत हलताना दिसतो, तो उत्तर ध्रुवाकडचा प्रकाश. पुढे अमेरिकेच्या मध्यभागावर गेलात तर सारी जमीन चौकटीच्या लुगड्यासारखी आखलेली दिसेल. 1785 च्या कायद्याने तिथे मैल-मैलाचे चौकोन पाडले, प्रत्येकी 640 एकरांचे. त्याच्या चतकोरात, म्हणजे 160 एकरांत, एक गोल बसतो आणि सव्वाशे ते एकशे तीस एकर भिजते. कोपरे कोरडे राहतात. आपल्याकडे वाटण्या होऊन गुंठ्यांवर आलेल्या गटांशी ताडून बघा, पण मन खट्टू करून घेऊ नका. त्यांच्या एका गोलात एकच पीक असते.

सिंगापूर-ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्यांचे भाग्य वेगळेच. त्यांचे विमान समुद्रावर उठून वळते आणि आपल्याच सह्याद्रीवरून आग्नेयेला जाते. दिवसाची वेळ असेल तर डावीकडे उजनीचा पसरलेला जलाशय आणि उजवीकडे कोयनेचा शिवसागर दिसण्याचा संभव असतो. पावसाळ्यानंतर गेलात तर उतारांवरचे समतल चर, शेततळ्यांतल्या प्लॅस्टिकची चमक आणि घाटमाथ्याकडून पूर्वेला जाताना हिरवा रंग कसा विटत जातो, हे सारे दहा मिनिटांत उलगडते. पाणलोट म्हणजे काय हे मी फळ्यावर काढून कितीदा सांगितले असेल, तिथे ते न सांगता कळते.

परतीच्या वाटेवर विमान मुंबईला बहुधा पूर्वेकडून, ठाणे खाडी ओलांडून उतरते. उजेडात उतरलात तर उजव्या खिडकीतून मुलुंड-भांडुपकडच्या मिठागरांचे चौकोन, मग पवईचे आणि विहारचे पाणी दिसते. बरीचशी मिठागरे आता बंद आहेत, तरी त्यांचे बांध वरून आपल्या वाफ्यांसारखेच दिसतात.

तुमच्यापैकी जे जाऊन आले असतील त्यांनी आम्हाला पत्र लिहावे. महिना, वेळ, जागेचा क्रमांक, बाजू आणि काय दिसले, एवढे पुरे. आणि खिडकीशी घरातले कोण बसले होते, तेही कळवावे.